बॅक्टेरियाचं विष आतड्यात जाऊन नेमकं करतं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिवाणू आतड्याच्या पेशी कुरतडून खातात का हो?

नाही. हा प्रश्न पहिलाच घेतला कारण सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना दरवर्षी कोणीतरी हेच चित्र डोक्यात घेऊन येतं, की जंतू म्हणजे वाळवी आणि आतडं म्हणजे लाकूड. खरं तर बरेचसे रोगजंतू पेशीला तोंडही लावत नाहीत, बाहेर बसून एखादं प्रोटीन सोडतात आणि पुढचं नुकसान पेशी स्वतःच्याच यंत्रणेने स्वतःचं करून घेते. ते प्रोटीन म्हणजे टॉक्सिन. कुठलं टॉक्सिन पेशीतली कुठली कळ दाबतं त्यावर ठरतं की पाण्यासारखे जुलाब होणार, रक्त पडणार, नुसत्या उलट्या होणार की प्रकरण किडनीपर्यंत जाणार. औषध काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही हेही त्यावरच. म्हणून "पोट बिघडलं" हा एक आजार नाहीये, ते दहा-पंधरा वेगवेगळ्या भानगडींना दिलेलं एकच नाव आहे.

एंडोटॉक्सिन म्हणतात ते हेच का?

नाही, नावं सारखी आहेत म्हणून घोळ होतो. एंडोटॉक्सिन म्हणजे काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचाच भाग असलेला स्निग्ध-शर्करा रेणू, तो जिवाणू फुटल्यावर सुटतो आणि रक्तात गेला की ताप, बीपी कोसळणं वगैरे घडवतो. आपण इथे एक्झोटॉक्सिनबद्दल बोलतोय, जी जिवाणू मुद्दाम बनवून बाहेर सोडतो. त्यातली आतड्यावर काम करणारी ती एंटरोटॉक्सिन.

आतड्याचं अस्तर इतकं नाजूक असतं का?

अस्तराची जाडी किती, तर एक पेशी. फक्त एक थर! एका बाजूला अन्न, पित्त, अब्जावधी जिवाणू आणि दुसऱ्या बाजूला तुमचं रक्त, मध्ये एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या पेशींची एकच रांग. या पेशी वरच्या बाजूला घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात, त्यात क्लॉडिन नावाची प्रोटीन असतात, आणि आतून अॅक्टिन नावाच्या प्रोटीनच्या दोऱ्यांचा सांगाडा त्या सांध्यांना ताणून धरतो. वरून म्यूकसचा, म्हणजे चिकट श्लेष्माचा थर. पण नाजूक म्हणाल तर अर्धंच खरं, कारण हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी जवळजवळ पूर्ण नवं होतं, शरीरात इतक्या वेगाने बदलणारे भाग फार नाहीत.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. खाल्लेलं-प्यायलेलं, लाळ, जठररस, पित्त सगळं धरून रोज साधारण ८ ते ९ लिटर पाणी आतड्यात उतरतं आणि शौचावाटे बाहेर जातं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचं सगळं या एका थराने परत आत ओढलेलं असतं. तेव्हा हा हिशोब थोडासा जरी बिघडला तरी काय होईल याचा अंदाज करा.

कॉलऱ्यात एवढं पाणी येतं तरी कुठून?

तुमच्याच रक्तातून. तीव्र कॉलऱ्यात मोठ्या माणसाचं तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, आणि एवढं होऊनही आतड्याचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितला तर पेशी जवळजवळ धडधाकट दिसतात. मला तर हा सगळ्या विषयातला सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग वाटतो. भोक नाही, जखम नाही, सूजही फारशी नाही, आणि माणूस काही तासांत जाऊ शकतो.

होतं असं. कॉलरा टॉक्सिन सहा तुकड्यांचं असतं, पाच सारखे बी तुकडे गोल कडं करून बसतात आणि वर एक ए तुकडा. बी तुकड्यांचं काम फक्त दार उघडायचं, ते पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरच्या जीएम१ नावाच्या स्निग्ध रेणूला जाऊन चिकटतात. पेशीला वाटतं नेहमीचाच माल आलाय, ती ते पुडकं आत घेते. मग हे टॉक्सिन उलट्या वाटेने प्रवास करतं, म्हणजे पेशी ज्या मार्गाने आपली प्रोटीन बाहेर पाठवते त्याच मार्गाने हे मागे मागे जात एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमपर्यंत, म्हणजे पेशी जिथे प्रोटीनची घडी घालते त्या कारखान्यापर्यंत पोचतं. तिथे पेशीची एक सोय असते, चुकीच्या घडीची प्रोटीन पकडायची आणि नष्ट करायला बाहेर पेशीद्रवात ढकलायची. ए तुकड्याचा कामाचा भाग तिथे स्वतःची घडी मोडून "मी बिघडलेलं प्रोटीन आहे" असं सोंग घेतो, पेशी त्याला बाहेर ढकलते आणि बाहेर आल्यावर तो परत घडी घालून तयार! नष्ट करण्यासाठी प्रोटीनवर जी खूण लावतात ती लायसिन या अमिनो आम्लावर लागते आणि या तुकड्यात लायसिन अगदीच मोजके, त्यामुळे तो त्यातूनही सुटतो.

आता पेशीद्रवात आल्यावर तो जी-एस नावाच्या प्रोटीनला एडीपी-रायबोजचा तुकडा चिकटवतो. जी-एस हे चालू-बंद होणारं बटण आहे, चालू झालं की थोड्या वेळात आपोआप बंद व्हायला पाहिजे. हा तुकडा चिकटला की बंद होणंच थांबतं. बटण चालूच, त्यामुळे सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू बनतच राहतो, त्याने सीएफटीआर नावाचा क्लोराइडचा दरवाजा उघडा राहतो, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत सुटतं, मागोमाग सोडियम, आणि मीठ जिथे जाईल तिथे पाणी जाणारच. शिवाय सोडियम आत ओढणारा एक नेहमीचा पंपही मंदावतो. म्हणजे एकीकडे नळ उघडा आणि दुसरीकडे पाणी परत ओढणं कमी. पाण्यासोबत पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही जातं, त्यामुळे पायात गोळे येतात, रक्त आम्लधर्मी होतं.

हे विषाचं काम आहे हे कळलं कसं? शोध कोणाचा?

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८४ मध्येच कॉलऱ्याचा जंतू ओळखला होता आणि हे विषाचं काम असावं असा अंदाजही केला होता, पण पुरावा मिळत नव्हता. अडचण अशी की बहुतेक जण प्राण्याच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत जंतू टोचून बघायचे. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्या बंद वेटोळ्यात जंतू सोडले, तर ते वेटोळं पाण्याने टम्म फुगलं. मग १९५९ मध्ये त्यांनी पुढची पायरी घेतली, जंतू गाळून काढून टाकले आणि नुसता गाळलेला द्रव सोडला, तरी आतडं फुगलंच. म्हणजे जंतू हजर असायची गरजच नाही, त्याने सोडलेलं काहीतरी पुरेसं आहे. तो निबंध नेचर या विज्ञान नियतकालिकात आला. साधी साधनं, पण प्रश्न बरोबर जागी विचारला, आतड्याचा आजार आहे तर आतड्यातच बघा ना. नोबेल मिळालेले जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, मिळालं नाही. डे १९८५ मध्ये गेले आणि आजही बऱ्याच पाठ्यपुस्तकांत कॉखचं नाव ठळक आणि यांचं असलं तर एका ओळीत, याचा मला राग येतो, असो.

विष तर पेशीत बसलंय, मग मीठ-साखरेच्या पाण्याने काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि त्याचं कारण वरच्याच उत्तरात आहे. कॉलरा टॉक्सिन एक वाट बिघडवतं, सगळ्या नाही. पेशीच्या वरच्या कडेला एसजीएलटी१ नावाचा एक वाहक असतो, तो ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन असे जोडीनेच आत घेतो. टॉक्सिन त्याला हात लावत नाही. तेव्हा योग्य प्रमाणात मीठ आणि ग्लुकोज दिलं की या वाटेने सोडियम आत जातं आणि पाणी त्याच्या मागे. नुसतं पाणी प्यायलं तर ओढणारं कोणी नाही, नुसतं मीठ घेतलं तर जोडीदार नाही, आणि साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी खेचलं जाऊन जुलाब वाढतात. म्हणून प्रमाणाला एवढं महत्त्व.

२००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत (ओआरएस) एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी तोंडाने द्यायचं द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरलं, आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. एक मात्र समजून घ्या, जलसंजीवनीने लगेच जुलाब थांबत नाहीत, नळ अजून उघडाच असतो, तुम्ही फक्त टाकी रिकामी होऊ देत नाही. "दोन ग्लास दिलं तरी जुलाब चालूच आहेत, उपयोग नाही" असं म्हणून बंद करणारे लोक इथेच चुकतात.

ई. कोलाय तर सगळ्यांच्याच पोटात असतो म्हणतात, मग तोच आजारी कसा पाडतो?

ई. कोलाय हे आडनाव समजा, घरातले सगळे सारखे नसतात. तुमच्या मोठ्या आतड्यात राहणारे बहुतेक निरुपद्रवी असतात. पण काहींकडे टॉक्सिनची जनुकं बाहेरून आलेली असतात, प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवर, किंवा जिवाणूंना लागण करणाऱ्या व्हायरसवर, म्हणजे फाजवर बसून. कॉलऱ्याच्या टॉक्सिनचं जनुकसुद्धा असंच एका फाजवरचं आहे, हे १९९६ मध्ये समजलं. थोडक्यात, जंतू साधा असतो, हत्यार उसनं असतं.

प्रवासात होणाऱ्या जुलाबांमागे बऱ्याचदा असतो तो एंटरोटॉक्सिजेनिक ई. कोलाय. त्याची दोन टॉक्सिन. एक एलटी, उष्णतेने मरणारं, ते कॉलरा टॉक्सिनचं सख्खं भावंड आहे, काम तेच. दुसरं एसटी, उष्णतेला दाद न देणारं, १८-१९ अमिनो आम्लांचं चिमुकलं. आतड्यात आपलं स्वतःचं ग्वानिलिन नावाचं हार्मोन असतं जे पाणी-मिठाचं प्रमाण सांभाळतं, एसटी त्याची नक्कल करून त्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रोटीनवर बसतं, पण हार्मोनपेक्षा कितीतरी जोरात, आणि मग सायक्लिक जीएमपी वाढून तोच क्लोराइडचा दरवाजा उघडतो. गंमत म्हणजे हाच रिसेप्टर हलकेच चालू करणारं लिनाक्लोटाइड नावाचं औषध २०१२ पासून बद्धकोष्ठतेसाठी वापरात आहे. जंतूची युक्ती चोरून गोळी बनवली!

मग शौचातून रक्त कधी पडतं?

जेव्हा नुसतं बटण दाबलं जात नाही, पेशी खरंच मरतात तेव्हा. इथलं मोठं नाव शिगा टॉक्सिन. कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये जपानमधल्या हगवणीच्या साथीत हगवणीचा जंतू शोधला, त्यांच्या नावावरून तो जंतू शिगेला आणि त्याचं टॉक्सिन ते शिगा टॉक्सिन. पण आज या टॉक्सिनचा धसका घेतला जातो तो जास्त करून ई. कोलायच्या ओ१५७:एच७ या प्रकारामुळे, जो १९८२ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरच्या साथीत पहिल्यांदा लक्षात आला.

रचना परत तीच, पाच बी आणि एक ए, आणि प्रवासही तोच उलट्या वाटेचा. फरक शेवटच्या कामात. याचा ए तुकडा रायबोझोमवर, म्हणजे पेशीच्या प्रोटीन बनवायच्या यंत्रावर जातो आणि तिथल्या २८एस आरएनएमधल्या हजारो अक्षरांपैकी एकच अॅडेनिन उपटून काढतो. एकच! तेवढ्याने ते यंत्र बंद, नवीन प्रोटीन नाही, पेशी मरणाच्या वाटेला. एरंडाच्या बीमधलं रायसिन हे जहाल विष नेमकं हेच अॅडेनिन काढतं, वनस्पती आणि जिवाणू दोघांचा निशाणा एकाच कमकुवत जागेवर.

शिगा टॉक्सिनला चिकटायला जीबी३ नावाचा रेणू लागतो, तो आतड्याच्या वरच्या पेशींवर कमी आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर, खासकरून किडनीतल्या, भरपूर. म्हणून टॉक्सिन आतड्याचा थर ओलांडून रक्तवाहिन्यांना भिडतं, तिथे गुठळ्या होतात, आतड्याच्या भिंतीला रक्त कमी पडतं आणि पोटात असह्य कळा येऊन लालभडक शौच होतं. ओ१५७ ची लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १५ टक्के लोकांना, त्यातही पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त, जुलाब सुरू झाल्यापासून आठवडाभराने हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम होतो, लाल पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात, लघवी कमी होते. घात असा की तोवर जुलाब कमी झालेले असतात आणि घरच्यांना वाटतं बरं वाटतंय. गाईगुरांच्या रक्तवाहिन्यांवर हा जीबी३ नसतो म्हणून ती हा जंतू पोटात घेऊन खुशाल फिरतात.

२०११ मध्ये जर्मनीत मोठी साथ आली, तिचा उगम मेथीच्या मोडांमध्ये सापडला, ३,८०० हून जास्त लोक आजारी आणि ५० हून जास्त मृत्यू. तो ई. कोलायचा ओ१०४:एच४ हा प्रकार होता, एरवी वेगळ्याच पद्धतीने आतड्याला चिकटणारा, त्याला फाजवरून शिगा टॉक्सिनचं जनुक मिळालेलं. उसन्या हत्याराचं याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही.

रक्त पडतंय तर लगेच अँटिबायोटिक नको का?

थांबा. शिगा टॉक्सिनवाला ई. कोलाय असेल तर बहुतेक डॉक्टर अँटिबायोटिक टाळतात. कारण टॉक्सिनचं जनुक फाजवर आहे आणि तो फाज जिवाणूच्या डीएनएत झोपलेला असतो, जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की तो जागा होतो, भराभर प्रती काढतो, सोबत टॉक्सिनही बनतं आणि जिवाणू फुटून सगळं एकदम बाहेर. काही अँटिबायोटिक नेमकी ही इजा करतात. म्हणजे शत्रू मारला पण त्याचा दारूगोळा आपल्याच घरात फुटला.

उलट शिगेलाची हगवण असेल तर योग्य अँटिबायोटिक उपयोगी पडतं, आणि तीव्र कॉलऱ्यात पाणी भरून काढण्यासोबत दिलं तर आजाराचे दिवस कमी होतात. म्हणून शौचाची तपासणी न करता मागच्या वेळची उरलेली गोळी घेणं हा प्रकार बंद करा, प्लीज.

जुलाब थांबवायची गोळी घेतली तर?

ताप नाही, रक्त नाही, मोठं माणूस आहे आणि पातळ जुलाब आहेत तर लोपेरामाइडसारखी गोळी थोडा वेळ चालते. रक्त किंवा जोराचा ताप असेल तर नको, कारण ती आतड्याची हालचाल मंद करते आणि विष अस्तराला लागून जास्त वेळ पडून राहतं. लहान मुलांना तर नाहीच. मुलांसाठी जलसंजीवनीसोबत झिंक, १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखाली १०.

दुसऱ्याच कशासाठी अँटिबायोटिक घेतलं आणि भयंकर जुलाब लागले, हे काय?

अँटिबायोटिकमुळे साधे जुलाबही होतात, पण एक नाव डोक्यात ठेवायचं, क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल, सगळे सी. डिफ म्हणतात. वाढवायला अवघड म्हणून १९३५ मध्ये हे नाव पडलं आणि अँटिबायोटिकनंतरच्या मोठ्या आतड्याच्या सुजेचा हाच धनी हे १९७८ मध्ये कळलं. आतड्यातले नेहमीचे रहिवासी अँटिबायोटिकने मेले की मोकळ्या जागेत याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपून तग धरणारी रूपं, उगवतात आणि ए आणि बी अशी दोन अवाढव्य टॉक्सिन सोडतात.

ही वेगळ्या घराण्यातली. पेशी टॉक्सिनला पिशवीत बांधून आत घेते, पिशवी आतून आम्लधर्मी होते आणि त्या आम्लानेच टॉक्सिनचा आकार बदलून ते पिशवीच्या भिंतीतून कामाचं टोक पेशीद्रवात खुपसतं. तिथे पेशीचाच इनॉसिटॉल हेक्साफॉस्फेट नावाचा रेणू त्याला भेटतो आणि त्या भेटीने टॉक्सिनच्या अंगातली कात्री चालू होऊन कामाचं टोक सुटं पडतं. किल्लीसुद्धा पेशीचीच वापरायची, स्वतःची आणायचीच नाही! सुटलेलं टोक मग ऱ्हो, रॅक आणि सीडीसी४२ या प्रोटीनना ग्लुकोज चिकटवतं. ही तिन्ही अॅक्टिनच्या सांगाड्याची मुकादमं, ती निकामी झाली की दोऱ्या कोसळतात, उभी पेशी गोल गोळा होते, शेजारणीचा हात सुटतो, घट्ट सांधे उघडतात. प्रयोगशाळेत हे डोळ्याने दिसतं, रात्री छान पसरलेल्या पेशी सकाळी वाटाण्यासारख्या गोल. मग पांढऱ्या पेशींची झुंबड, आणि मेलेल्या पेशी, फायब्रिन (रक्ताच्या गुठळीतले धागे), पू यांचे पिवळट चट्टे आतड्यावर बसतात.

उपचार म्हणजे शक्य असेल तर ते आधीचं अँटिबायोटिक बंद आणि त्याऐवजी सी. डिफवर चालणारं, म्हणजे फिडॅक्सोमायसिन किंवा तोंडाने व्हॅन्कोमायसिन. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू देतात, ऐकायला कसंतरी वाटतं पण काम करतं. आणि हो, सॅनिटायझरच्या अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत, साबण-पाण्याने हात धुवायचे.

पेशीला थेट भोक पाडणारी टॉक्सिन असतात का?

असतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचं एंटरोटॉक्सिन घट्ट सांध्यातल्या क्लॉडिनलाच पकडतं, सहा-सहा रेणू एकत्र येऊन पडद्यात नळी बसवतात, त्यातून कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते. मोठ्या भांड्यात शिजवून तासन्‌तास कोमट ठेवलेल्या जेवणातून हा आजार होतो. शिजवताना बीजाणू तगतात, कोमट असताना वाढतात, आतड्यात गेल्यावर परत बीजाणू बनवताना टॉक्सिन सुटतं. सहसा एका दिवसात आटपतं.

याच जंतूच्या दुसऱ्या प्रकाराचं बीटा टॉक्सिन मात्र लहान आतडं अक्षरशः कुजवतं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात डुकराच्या मोठ्या मेजवान्यांनंतर हा आजार व्हायचा, तिथे त्याला पिगबेल म्हणतात. एरवी ट्रिप्सिन हे आपलं पाचक एन्झाइम बीटा टॉक्सिनचे तुकडे करतं, पण तिथल्या आहारात प्रोटीन कमी म्हणून ट्रिप्सिन कमी, वर मुख्य अन्न रताळं, ज्यात ट्रिप्सिनला अडवणारे रेणू असतात. विष तेच, पण ते विषारी ठरणं न ठरणं आहारावर.

अन्न उकळलं की विष मरतं ना?

कुठलं विष आणि कुठे बनलंय त्यावर. कॉलरा, एलटी ही उष्णतेने जातात, आणि तसंही ती तुमच्या आतड्यात बनतात, त्यामुळे उकळून जंतू मेला की विषय संपला. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस अन्नातच विष बनवून ठेवतो आणि ते उकळूनही टिकतं. बॅसिलस सेरियसचं उलटी आणणारं सेर्युलाइड तर १२१ अंशालाही टिकतं. म्हणजे जंतू मेले, विष शाबूत.

जेवल्यावर दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा असलं तयार विषच पोटात गेलेलं असतं, कारण जंतूला आतड्यात वाढून विष बनवायला इतक्या लवकर जमत नाही. स्टॅफचं टॉक्सिन पेशी फोडत नाही, आतड्यातल्या नसांमार्फत मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला निरोप धाडतं. यात अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

साल्मोनेलाचं टॉक्सिन कुठलं?

पोटाच्या नेहमीच्या साल्मोनेलाचं मुख्य हत्यार बाहेर सोडलेलं टॉक्सिन नाहीच. तो सुईसारखी यंत्रणा पेशीला लावून प्रोटीन थेट आत टोचतो, पेशीचा पडदा उचंबळतो आणि जंतूलाच आत ओढून घेतो.

हे सगळं करून जंतूला मिळतं काय?

प्रवास. कॉलऱ्याच्या रुग्णाच्या एका मिलिलिटर शौचात कोट्यवधी जंतू असतात, पुढच्या माणसापर्यंत जायला याहून चांगली गाडी कुठली? शिवाय जेवण. साल्मोनेला सूज घडवतो आणि त्या सुजेत तयार होणारं टेट्राथायोनेट हे गंधकयुक्त रसायन वापरून श्वसन करतो, जे आतड्यातल्या बऱ्याच रहिवाशांना जमत नाही, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. आपली सूज ही आपली संरक्षणव्यवस्था असं आपण समजतो, तो तिच्यावरच जगतो.

बिघडलेलं अस्तर परत नीट होतं का?

बहुतेक वेळा हो. अस्तराच्या खळग्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात, त्या शाबूत असतील तर आठवड्याभरात थर भरून येतो. पण अस्तराच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकाच्या पेशी कामाला लागायला वेळ घेतात. दूध पचवणारं लॅक्टेज तिथेच असतं, म्हणून जुलाब बरे झाल्यावर काही जणांना काही आठवडे दुधाने पोट फुगतं, ते सहसा आपोआप जातं. साधारण दहातल्या एकाला मात्र नंतर महिनोन्‌महिने पोटदुखी आणि कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ असा आयबीएसचा, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोमचा त्रास राहतो. "तुझं सगळं मनाचं आहे" म्हणून त्यांना उडवून लावू नका.

या विषांनी कॅन्सर होतो का?

दोन-तीन टॉक्सिनवर संशय आहे. काही ई. कोलाय कोलिबॅक्टिन बनवतात, ते डीएनएच्या दोन्ही पट्ट्यांना अडकून इजा करतं. २०२० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या चिमुकल्या प्रतिकृतींवर हा जिवाणू सोडल्यावर डीएनएत जी विशिष्ट ठशाची खूण उमटली, तीच मोठ्या आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये सापडली. बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिसच्या काही जातींचं टॉक्सिन पेशींना जोडणारं ई-कॅडहेरिन तुटायला लावतं. पण ठसा सापडणं आणि एकट्या त्यानेच कॅन्सर झाला म्हणणं यात अंतर आहे, आणि एकदा पोट बिघडलं म्हणून कोणी घाबरायचं कारण नाही.

विषावर उतारा किंवा लस?

कॉलऱ्याच्या तोंडाने घ्यायच्या एका लशीत मेलेल्या जंतूंसोबत टॉक्सिनचा निरुपद्रवी बी तुकडा असतो, त्यामुळे एलटीविरुद्धही थोडे दिवस थोडं संरक्षण मिळतं. सी. डिफच्या बी टॉक्सिनला धरून ठेवणारी बेझलोटॉक्सुमॅब ही अँटिबॉडी २०१६ मध्ये मंजूर झाली, आजार उलटणं कमी व्हायचं, पण २०२५ मध्ये कंपनीने ती बंद केली. शिगा टॉक्सिनवर अजून वापरात असा उतारा नाही, तिथे आधार द्यायचा, वेळीच शिरेतून द्रव आणि गरज पडली तर डायलिसिस.

डॉक्टरकडे कधी पळायचं?

शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी सहा-आठ तास न होणं, डोळे खोल जाणं, मूल सुस्त पडणं, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे भराभर जुलाब होत असतील तर वाटेतही जलसंजीवनी पाजत न्या. आणि रक्ताचे जुलाब थांबल्यावर पुढच्या आठवड्यात मूल पांढरंफटक दिसलं किंवा लघवी कमी झाली तर "आता तर बरं झालंय" असं न म्हणता त्याच दिवशी रक्त आणि लघवी तपासून घ्या.